नारळाचा मानकरी

ती घटना आजही आठवते ती एका टॉवेलमुळे.

मी तेव्हा परतूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दसरा तोंडावर आला होता आणि बंदोबस्ताची आखणी चालू होती. सोमवारी दुपारी फोन आला, वाटूरच्या अलीकडे रस्त्याकडेला प्रेत आहे. पोचलो तर कडुनिंबाच्या सावलीत चाळिशीचा एक माणूस पडलेला. सायकल नालीत, चाकाचा पार चेंदामेंदा. माणसाच्या डोक्याखाली मात्र नीट घडी घातलेला टॉवेल होता आणि हाताशी पाण्याची अर्धी बाटली. रक्ताचे डाग डांबरावर होते, तिथून झाडापर्यंत ओढल्याची खूण होती. दोन्ही बाजूंना सोयाबीनची मळणी चाललेली, त्या यंत्रांच्या घरघरीत कुणाला काही ऐकू आलं नव्हतं.

आम्ही सगळ्यांनी एकच अंदाज बांधला. धडक देणारा पळाला, मागून आलेल्या कुणा भल्या माणसाने याला सावलीत आणून पाणी पाजलं, आणि पोलिसांची झंझट नको म्हणून तोही निघून गेला. असे भले लोक आमच्याकडे पुष्कळ आहेत.

पंचनाम्याच्या वेळी डांबरावर तारेत ओवलेलं लिंबू-मिरची सापडलं. मी ते जप्त करायला सांगितलं, तर आमचे हवालदार म्हणाले, "साहेब, रस्त्यावर लिंबं पडतेतच. ओलांडू नका म्हंजे झालं." पण ट्रकवाले लिंबू-मिरची शनिवारी बदलतात, आणि जुनं फेकतात तेव्हा ते वाळून काळं पडलेलं असतं. या मिरच्या अजून हिरव्या होत्या आणि तार सोडवलेली नव्हती, तुटलेली होती. हवालदारांनी कुरकुरत ते पाकिटात घातलं.

मयत गाद्या-रजया भरून देणारा कारागीर होता. सायकलवर गावोगाव फिरायचा. त्याची बायको दिराबरोबर ठाण्यात आली. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "साब, सुबू खाना खा के निकले थे," ती म्हणाली. "किसने मारा, इत्ताच बता दो. मेरेकू और कुछ नको." मी तिला शब्द दिला. खरं तर पोलिसाने असा शब्द देऊ नये, अनोळखी वाहनाचे निम्मे गुन्हे अनोळखीच राहतात. पण दिला.

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. रक्तस्राव आतल्या आत झाला होता आणि मरायला त्याला बराच वेळ लागला होता. "लगेच आणला असता तर बहुतेक वाचला असता," ते म्हणाले. रुग्णालय त्याच रस्त्यावर पुढे होतं.

मंगळवारी सुगावा लागला, तोही त्याच कुरकुरणाऱ्या हवालदारांना. वाटूर फाट्यावरचा एक हॉटेलवाला चहाबरोबर लिंबू-मिरचीही विकतो. तो म्हणाला, "शनवारची गिऱ्हाइकं ठरलेली असतेत. पण काल सोमवारी एकजण पुन्हा घेऊन गेला. शनवारीबी माझ्याकूनच नेल्तं त्यानं. मी म्हन्लं, दोन दिवसांत दुसरं कशाला? तर बोललाच न्हाई. एरवी लई बोलका मानूस." गाडी जालन्याहून सळई वाहणारी होती, आणि ड्रायव्हरला त्या रस्त्यावर सगळेच ओळखत होते.

जालन्याला त्या गाडीच्या मालकाच्या ऑफिसात गेलो तर भिंतीवर त्याच ड्रायव्हरचा फोटो. गाडीला झेंडूचा हार, आणि हा पुढे उभा राहून नारळ फोडतोय. मॅनेजर अभिमानाने म्हणाला, "साहेब, ज्याच्या नावावर एकबी अपघात न्हाई, तोच दसऱ्याला पयल्या गाडीपुढं नारळ फोडतो. कैक वर्षांपासून हा मान ह्याचाच. तुम्ही चुकीच्या मानसाकडं आलात."

मी विचारलं, "अपघात तुम्ही कशाला म्हणता?"

"पोलिसात नोंद झाली तर अपघात. जागेवर मिटलं तर नुसतं घासलं. घासलेलं आम्ही धरत न्हाई."

गाडी मागवून घेतली. पुढचा बंपर धुतलेला होता, नवं लिंबू-मिरची लटकत होतं, आणि त्याच्या मागे जुन्या तारेचं तुटकं टोक अजून वळसे घेऊन बसलं होतं.

ड्रायव्हर पन्नाशीचा, कपाळाला बुक्का, बोलणं अदबीचं. समोर बसवून चहा दिला. मी विचारलं, "सोमवारी अपघात केलात?"

"न्हाई साहेब. उभ्या जन्मात माझ्या हातून अपघात झालेला न्हाई."

सरळ डोळ्यांत बघून बोलला. खोटं बोलणारा कुठेतरी चुळबुळतो, घोट गिळतो, उगाच देवाची शपथ घेतो. याचं काहीच नाही. मी क्षणभर चक्रावलो. मग लक्षात आलं, हा त्याच्या हिशेबाने खरंच बोलतोय. तेव्हा मी अपघात हा शब्दच सोडून दिला.

"सोमवारी लिंबू कशाला बांधलं?"

त्याने चहाचा कप हातात घेतला.

"आणि टॉवेल कुठंय तुमचा?"

त्याचा हात आपोआप खांद्याकडे गेला. खांदा रिकामा होता. कप खाली ठेवून तो रडायला लागला.

"सायकल एकदम आडवी आली साहेब. मी थांबलो. पळालो न्हाई मी. सावलीला नेलं, पानी पाजलं, उशाला टॉवेल देल्ता. जिता होता. म्हनत होता, दवाखान्यात घेऊन चल."

"मग?"

"दवाखान्यात नेलं की नोंद होते. चार दिवसांवर दसरा आल्ता. वाटलं, कुनीतरी येईल मागून, नेईल त्याला."

मागून कुणी आलं नाही. हा फाट्यावर लिंबू घ्यायला थांबला आणि दवाखान्यावरून सरळ पुढे निघून गेला. तीस वर्षं खाकी घातली, दरोडेखोर पाहिले, पण त्या दिवशी मला समोरच्या माणसाची किळस आली आणि कीवही. दोन्ही एकदमच आली.

पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात टिकत नाही. पण तारेचे दोन्ही तुकडे जुळले, बंपरच्या खाचेतलं रक्त जुळलं, आणि पुढे यथावकाश दोषारोपपत्र गेलं. त्याआधीच, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मॅनेजरचा फोन आला होता. नारळ दुसऱ्याच्या हाती द्यायचा होता, पण त्याला एक शंका होती. "साहेब, निकाल लागेस्तोवर ह्याच्या नावावर अपघात धरायचा का न्हाई?" मी फोन ठेवून दिला.

दिलेला शब्द पाळायला मी मयताच्या घरी गेलो. अर्धी भरलेली एक गादी अजून ओसरीवर पडली होती. कोण होता ते सांगितलं. तो थांबला होता, पाणी पाजलं होतं, हेही सांगितलं. मला वाटलं, तेवढाच तिला आधार.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नीम के नीचे ले जा सकता था, तो गाडी में नहीं डाल सकता था क्या, साब?"

आजही कुणी छाती ठोकून सांगतो की आपल्या हातून कधी अपघात झाला नाही, तेव्हा मला तिचा प्रश्न आठवतो. सायकल आडवी आली, तो अपघात होता. कायदाही तेवढं मान्य करतो. पण उशाला टॉवेल देऊन तो गाडीत चढला, तिथून पुढे जे झालं ते अपघातात बसत नाही.