लोधीखेड्याचे गणपत बापू

हे मी आजवर कोणालाच सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. तशी मी काही गप्प बसणारी बाई नाही — सौंसरच्या बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला मी पांढुर्णा येईस्तोवर घरातलं सगळं सांगून टाकते. पण ही एक गोष्ट आठ वर्षं पोटात ठेवली. आता तुम्हाला सांगून राहिले. तुम्ही ढोबळे सरांना ओळखत नाही, तेच बरं आहे.

ढोबळे सर आम्हाला एम.कॉम.ला अकाउंट्स शिकवायचे, पांढुर्ण्याच्या कॉलेजात. शेवटच्या सेमिस्टरला प्रोजेक्ट असायचा. दोन वर्षांत जे शिकलो ते सगळं त्यात उतरवायचं. एखाद्या छोट्या धंद्याच्या ठिकाणी पंधरा दिवस जाऊन बसायचं, तो माणूस हिशेब कसा ठेवतो ते बघायचं, साठ पानं लिहायची आणि बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर तोंडी परीक्षा द्यायची. सर म्हणायचे, "पुस्तक तं कोणीबी वाचते. दुकानात जाऊन बसा, मंग समजन."

माझी मैत्रीण वैशाली गेली. बसस्टँडजवळच्या एका शिलाईच्या दुकानात पंधरा दिवस बसली — बरोबर पंधरा. दुकानवाली बाई हिशेबाची वही दाखवायच्या आधी तिला काज-बटणं करायला लावायची. तेही केलं तिनं. आणि मी?

माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. लग्न एका दिवसाचं असतं, नाही का? मी पंधरा दिवस नाचले. आजारी नव्हते, घरी अडचण नव्हती, बसही बंद नव्हती. जायची इच्छा नव्हती, एवढंच. शेवटचा पाहुणा गेला तेव्हा प्रोजेक्ट द्यायला चार दिवस उरले होते.

मग मी कूलरसमोर बसले, लग्नातला उरलेला चिवडा जवळ घेतला — आणि गणपत बापूंना जन्माला घातलं.

राहणार लोधीखेडा, वय सत्तर, शिक्षण दुसरी. धंदा संत्र्याच्या लाकडी पेट्या बनवायचा. बापूंकडे वही नव्हती, दोन भिंती होत्या. बागवाल्यानं पेटी नेली की डाव्या भिंतीवर त्याच्या नावाखाली गेरूची एक रेघ, आणि लगेच उजव्या भिंतीवर, दुकानातली पेटी कमी झाली म्हणून, चुन्याची एक रेघ. संध्याकाळी दोन्ही भिंती जुळल्या पाहिजेत. नाही जुळल्या तर बापू जेवायचे नाहीत. हे लिहिताना माझेच डोळे भरून आले. सांगा, काय म्हणावं अशा पोरीला?

मला वाटलं, सर चार पानं चाळतील आणि सही करतील. सरांनी साठच्या साठ वाचली. दुसऱ्या दिवशी माझी फाईल वर्गात उंच धरून म्हणाले, "अरे, हे दुहेरी नोंद हाय! हा माणूस शाळा नाही शिकला, अन् भितीवर दुहेरी नोंद करून राहिला!" एवढे खूश झालेले सर मी आधी कधी पाहिले नव्हते. परीक्षकांनीही मला बापूंबद्दलच विचारलं. प्रोजेक्टात पहिला नंबर माझा आला. वैशालीचा दुसरा.

तेवढ्यावर राहिलं असतं तर? पण सरांना बापूंना भेटायचं होतं. शाल द्यायची होती. पहिल्या रविवारी मी बापूंना बैतूलला मुलीकडे पाठवलं. दुसऱ्या रविवारी त्यांचा गुडघा सुजवला. तिसऱ्या वेळी सर शाल घेऊनच कॉलेजात आले — चॉकलेटी, जरीच्या काठाची. पिशवीतून काढून माझ्या हातात दिली. म्हणाले, "चाल, आजच जाऊ."

मी घाबरले. म्हणाले, "सर, बापू वारले."

सर खुर्चीत बसले. मग हळूच म्हणाले, "म्याच उशीर केला." तेव्हा तरी सांगायचं होतं ना? नाही सांगितलं. परीक्षेआधीचे जादा तास चालू होते; सरांनी सगळा वर्ग दोन मिनिटं उभा केला. मीही उभी राहिले. शाल बापूंच्या घरी पोचवायला सरांनी माझ्याकडेच ठेवली — ती माझ्या कपाटात आहे. शनिवारी सर जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेले आणि सोमवारी माझ्यासाठी पेढा घेऊन आले. "तुह्या बापूच्या नावानं." मी खाल्ला. चांगला होता पेढा.

इथवर हसू येतं. मलाही येतं. पुढचं ऐका.

त्याच प्रोजेक्टच्या जोरावर सरांनी सौंसरच्या एका कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात माझं नाव सुचवलं. जागा एकच होती. वैशालीलाही हवी होती — तिचे वडील तेव्हा काम सुटून घरी बसलेले, हे मला माहीत होतं. नोकरी मला लागली. वैशालीनं चार वर्षं शिकवण्या घेतल्या, तेव्हा कुठं तिला एका पतसंस्थेत काम मिळालं.

गेल्या वर्षी सर निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात त्यांनी मला स्टेजवर बोलावलं. म्हणाले, "दरवर्षी माझा पहिला तास गणपत बापूंचा असतो. ज्या पोरीनं त्यायले पाहिलं, तिच्याच तोंडून ऐका." मी दहा मिनिटं बोलले. लोक हसले, एकदोघींनी पदर डोळ्यांना लावला. आणि खरं सांगू? मला मजा आली. घाबरले नाही, लाजले नाही — मजा आली. आणखी पाच मिनिटं मिळाली असती तर मी बापूंची बायकोही उभी केली असती.

जेवणाच्या रांगेत वैशाली भेटली. हसत होती. म्हणाली, "शुभे, एक विचारू काय? लोधीखेडं माह्या मामाचं गाव हाय. दर उन्हाळ्यात तिथंच राहत होतो आम्ही. बापूचं दुकान कोण्या बाजूनं होतं?"

तिच्या आवाजात जराही राग नव्हता. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. श्रद्धांजलीच्या त्या दोन मिनिटांतही माझ्या शेजारी उभी होती, आणि तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. मी नुसतं हसले असते तरी चाललं असतं. ती तिथंच पोट धरून हसली असती, आणि सगळं तिथंच मिटलं असतं.

मी म्हणाले, "शाळेच्या मागं होतं. आता पाडलं."

वैशाली माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "असंन बाप्पा." माझ्या ताटात दोन जिलब्या ठेवल्या आणि पुढे गेली.

शाळेच्या मागं काही नव्हतं. पहिला नंबर वैशालीचा होता. जिनिंगमधली खुर्चीही तिचीच. त्या खुर्चीवर मी बसते, आणि उद्या दहा वाजता पुन्हा जाऊन बसणार आहे.