राखेत घोळवलेलं बी

माझ्या शेजाऱ्यांसारखी गोव्यातल्या हरमल गावची मिरची अख्ख्या वाड्यावर कुणाकडे होत नाही. बी मागितलं तर ते कधीच नाही म्हणत नाहीत. "राव गे, हाडटां," असं म्हणत मला थांबवून बी आणायला आत जातात आणि जरा वेळाने राखेत घोळवलेल्या बियांची पुडी दोन्ही हातांनी देतात. राखेमुळे कीड लागत नाही, असंही सांगतात. पण ते आत असताना दर वेळी मला ठसका का लागायचा?

चार पावसाळे एकही बी रुजलं नाही. "तुजो हात गरम, बाय," ते हळहळून म्हणत. ती हळहळच मला खोटी वाटे.

शेवटी त्यांच्या अंगणातल्या सुपातली एक सुकी मिरची मी पदराआड लपवून आणली. तिचं झाडून सगळं बी उगवलं. रोपं बघून ते नुसते हसले.

यंदा समोरची नवी भाडेकरीण माझ्याकडे बी मागायला आली. "देते की," म्हणत मी आत गेले, आणि गॅसवर तवा कधी ठेवला ते माझं मलाच कळलं नाही. बिया तडतडल्या. कुंपणापलीकडे कुणाला तरी ठसका लागला. मग माझ्या खिडकीशी तोच हळहळता आवाज, अगदी हळू, "पुरो गे बाय. आता राख लाय, ना जाल्यार भाजिल्लें तिका कळटलें."