धम्मपालचं मास्टर गेज

आमच्या मोशीत रविवार गुरुवारी येतो. त्या दिवशी एमआयडीसीला सुट्टी, म्हणून सोसायटीच्या गेटाजवळचं आमचं बाकडं सकाळपासून गजबजलेलं. कुचाळक्यांमध्ये माझा हात धरणारा अजून जन्मायचाय. पण धम्मपालची गोष्ट सांगताना माझीही जीभ अडखळते.

तिसऱ्या मजल्यावरचा हा धम्मपाल चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला होता. गेज लावून सुट्या भागांची मापं तपासायची, हे काम. इतका काटेकोर, की लग्नाच्या पंगतीत जिलबीचे वेढे मोजेल, असं मी त्याला चिडवायचो. तीन वर्षांपूर्वी त्याला आवाज ऐकू यायला लागले. मशीन आपल्याला नावाने हाक मारतंय म्हणून त्याने एकदा अख्खी लाइन बंद पाडली. डॉक्टर म्हणाले, स्किझोफ्रेनिया. धम्मपाल म्हणाला, मला काही झालेलं नाही, आणि गोळ्या तुळशीच्या कुंडीत पुरल्या. दुसऱ्या खेपेला कंपनीने लेखी बजावलं, बायकोने तोंडी. अंजली जिन्यात म्हणाली ते मी स्वतः ऐकलं (मी काय ऐकत नाही?), "परत आवाज आले तर मी माहेरी जाईन. मग न्यायला येऊ नका."

तेव्हापासून तो दर गुरुवारी पिंपरीच्या एका दवाखान्यात गटात बसायचा. गोल मांडलेल्या आठ-नऊ खुर्च्या, समोर प्राजक्ता मॅडम. कुणी म्हणायचं, टीव्ही माझ्याबद्दल बोलतो; बाकीच्यांनी विचारायचं, दुसरं काय असू शकेल? सहा महिने धम्मपाल इतरांच्याच चुका काढत होता. क्वालिटीवाला, दुसरं काय करणार! मग एका गुरुवारी त्याने हळूच विचारलं, "मॅडम, बिघडलेलं गेज स्वतःला तपासू शकत नाही. ते बाहेर पाठवावं लागतं. माझे कान तसे झालेत का?"

मॅडम म्हणाल्या, घराबाहेरचा एक भरवशाचा माणूस निवडा. शंका आली की त्याला विचारा.

त्याने मला निवडलं. हसू नका.

"जयभीम काका. कंपनीत एक मास्टर गेज असतं, त्यावरून बाकीची तपासतात. आजपासून तुम्ही माझं मास्टर."

"अरे, आमची ही मला वाजले किती ते विचारते आणि मग स्वतः घड्याळ बघते!"

"असू द्या. तुम्ही तोंडावर बोलता."

चार महिने झकास चाललं. "काका, शिट्टी वाजली?" "कुकर. दुसरा मजला." "माझं नाव घेतलं कुणी?" "नाही रे." तो वहीत टिपायचा, खरा, खोटा. तपासलेल्या गेजवर लावतात तसा हिरवा स्टिकरही त्याने वहीवर चिकटवला होता. गोळ्या वेळेवर, कामावर हजर.

मग एकदा गावकीतला रंगराव तंबाखू मळत म्हणाला, "ती पोरगी काय ऱ्हात न्हाई बघा. येड्यासंगं किती दिस काढंल?"

"राहिली तर मिशा उतरवीन!" मी टाळी देत म्हणालो. मोठ्याने.

"काका."

धम्मपाल पाण्याच्या टाकीमागून आला होता. चेहरा उतरलेला. "आत्ता कुणी म्हणालं का, की अंजली राहणार नाही?"

रंगरावाने घाईघाईने तंबाखूचा बार भरला आणि तोंड मिटलं. मी म्हणालो, "छे रे! आम्ही पाणी कधी येणार ते बोलत होतो."

तो सुटल्यासारखा हसला. वहीत लिहिलं, खोटा. आणि त्याखाली, आवाज काकांसारखा.

पुढच्या गुरुवारी त्याने ती ओळ गटात प्रामाणिकपणे वाचून दाखवली. आवाज परतले म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली. तो कामावर पेंगायला लागला, कंपनीने घरी बसवलं. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. एके दिवशी तोच म्हणाला, "काका, हल्ली तुमचाच आवाज येतो. तुम्ही गावाला गेलात तरी येतो."

त्यानंतरच्या गुरुवारी तो दवाखान्यात गेला आणि अकराच्या सुमाराला अंजली बॅग घेऊन खाली उतरली. "आवाज परत आले, काका. मी सांगितलं होतं," एवढंच म्हणाली आणि रिक्षात बसली. जिभेला हाड नसतं म्हणतात. माझ्या जिभेवर तेव्हा लोखंड ठेवलं होतं.

एक वाजता धम्मपाल गेटातून आत आला. मी उभा राहिलो आणि सगळं ओकून टाकलं. "तो आवाज खरा होता. मीच बोललो होतो रे. तुझे कान बरोबर होते."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. "हे तुम्ही आत्ता खरंच बोलताय?"

"आईशप्पथ."

"तो आवाजही शपथा घेतो." त्याचा अंगठा वहीवरच्या हिरव्या स्टिकरवरून फिरत होता. "कुणाला विचारू मग? थांबा, अंजलीला विचारतो."

"धम्मा, अरे, वर कुणी—"

तो कधीच जिना चढू लागला होता. मी मागे निघालो. गुडघ्यांनी मला दुसऱ्या मजल्यावरच थांबवलं. वर कुलूप उघडल्याचा आवाज झाला.

"अंजली, काका खाली खरंच बोलत होते का गं?"

मी कठडा धरून उभा राहिलो. वर नुसती शांतता.

मग, कुणीतरी उत्तर दिल्यासारखं, तो म्हणाला, "बरं." आणि आतून कडी घातली.