टाळू भरायची राहिली

माझी लेक सातव्या महिन्यातच आली. घाई हा आमच्या घराण्याचा गुणच, पण इतकी नको होती. तिला पनवेलच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं आणि मी करंजाड्याच्या घरी रिकाम्या हातांनी परतले. रोज जायचं, हात धुवायचे, पेटीशी उभं राहायचं. उचलायचं मात्र नाही. तिच्या मेंदूत थोडा रक्तस्राव झाला होता. तो वाढत नाहीये असं दिसेपर्यंत तिला हलवायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं.

ते बघायला टाळूवरून सोनोग्राफी करतात. तिथलं हाड मिटलेलं नसतं, म्हणून आतलं दिसतं. डॉक्टरबाई जेल लावून लहानसं यंत्र टेकवायच्या आणि पडद्यावर करड्या रंगात मेंदू उमटायचा. "बघा, अजून गुळगुळीत आहे. पोटात पडायच्या घड्या आता इथे पडतील," त्या समजावायच्या. मी मान डोलवायचे. पण खरं सांगते, मला त्या यंत्राचा हेवा वाटायचा. माझ्या लेकीच्या टाळूला त्याने खुशाल टेकायचं आणि आईने लांबून बघायचं, हा कुठला न्याय?

सासूबाई साताऱ्याहून घाण्याचं खोबरेल घेऊन आल्या होत्या. टाळू भरल्याशिवाय पोर बाळसं धरत नाही, हे त्यांचं ठाम मत. एकदा त्यांना काचेबाहेरून बघू दिलं, ते नेमकं तपासणीनंतर. लेकीचं डोकं जेलने चकचकत होतं. त्यांनी तिथूनच हात जोडले.

"भरली गं टाळू," बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या. "मला वाटलं, ह्या शिकल्याल्या बायांना काय कळतंय." संध्याकाळपर्यंत ही बातमी फोनवरून सगळ्या भावकीत पोचली. मी त्यांना पान वाढलं. त्या दिवशी निदान त्या पोटभर जेवल्या.

पुढच्या सोनोग्राफीला डॉक्टरबाई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिल्या.

"रक्तस्राव वाढलेला नाही," त्या म्हणाल्या. "आज छातीशी घ्या." पुढचं पुढे पाहू, असंही म्हणाल्या.

सिस्टरने नळ्या सांभाळत तिला माझ्या उघड्या छातीवर ठेवलं. तिच्या मेंदूचा कोपरान् कोपरा मी पाहिला होता. तिचं वजन मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.