कानस घसरली की माल पास

आमच्या साहेबांचं एकच शास्त्र होतं: कानस घसरली की माल पास; चावली की धातू मऊ, माल नापास. सत्तर सालानंतरची गोष्ट. मी धरमपेठेतून बसनं वीजघरात जायची, तिथल्या प्रयोगशाळेत धातू तपासायची. कडक तापलेली वाफ अडवणाऱ्या व्हॉल्व्हचे दांडे झिजू नयेत म्हणून आमच्याच वर्कशॉपात अमोनियाच्या भट्टीत घालून त्यांची वरची कातडी टणक करत. त्याआधी दांड्याच्या आट्यांना कथलाचा लेप लावायचा असतो, म्हणजे तेवढा भाग टणक होत नाही, ताण सोसतो. साहेबांनी आट्यांवर कानस फिरवली, ती चावली, झालं. लेप म्हणजे अर्धवट काम, असं ठरलं. लेप बंद, वर दांडे दोन-दोनदा भट्टीत.

मी सांगून पाहिलं. म्हटलं, इतकी टणक कातडी ठिसूळ होते, रोज तापून-निवून तडकते. तर म्हणाले, "मॅडम, टणक तेच टिकतं. तुम्ही तुमच्या दुर्बिणीत बघत बसा."

मग एक दांडा, व्हॉल्व्ह बंद करताना, आट्यांतच मोडला. बंद करणाऱ्या फिटरचा हात वाफेनं भाजला. पारशिवनीकडचा माणूस, बारा वर्षांची नोकरी. आणि दोष कोणाचा? त्याचाच. व्हॉल्व्हच्या चाकाला पाइप अडकवून जोर केला म्हणे. हाताची पट्टी सुटायच्या आत निलंबनाचा कागद दिला. माझं डोकंच फिरलं. मोडका तुकडा कापला, घासला, सूक्ष्मदर्शकाखाली धरला. आट्यांवर त्या टणक कातडीचा ठिसूळ पांढरा थर आणि त्यातून आत उतरलेल्या चिराच चिरा. सगळं लिहून दिलं, शेवटी दोष बिनलेपाच्या दांड्याचा, फिटरचा नव्हे, असंही. साहेब म्हणाले, शेवटचा परिच्छेद काढा. नाही काढला. मग माझा अहवाल चौकशीपुढे गेलाच नाही.

महिन्याभरानं फिटरला परत घेतलं, "यापुढे जास्त जोर लावणार नाही" असं लिहून घेऊन. मेल्यांना लाज कशी वाटली नाही, कोण जाणे. वर त्याच व्हॉल्व्हला त्याच भट्टीतला बिनलेपाचा दांडा बसवला आणि बंद करून बघायला त्यालाच पाठवलं. कळलं तशी मी धावत गेले.

"हात लावू नका," म्हटलं. "हाही तसाच आहे."

"मालूम हाये मले, बाई," चाक धरत तो म्हणाला. "नाही म्हनलं तं पुन्हा घरी बसवतीन. तुमी तेवढ्या मागं सरका."