आईचा आवाज आणि स्क्रीनवरच्या पट्ट्या

आईला शेवटचं फसवलं ते मी.

आज तिला जाऊन वर्ष झालं. नातेवाईक म्हणतात, तू खूप केलंस तिचं. ते ऐकवत नाही, म्हणून लिहितोय.

आई राहुरीजवळच्या आमच्या गावात अंगणवाडी सेविका होती. विहारात बायका गाणी म्हणायला बसल्या की पहिली ओळ तिची. माइक दिला तर बाजूला ठेवायची. गरजच नसायची.

रिटायर झाली आणि वर्षाच्या आत पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. मी तिला शहरात, सावेडीला माझ्या फ्लॅटवर आणलं.

एकच शब्द उरला होता तिच्याकडे. "न्हाई."

पाणी हवं असलं तरी न्हाई, नको असलं तरी न्हाई. आम्ही चेहऱ्यावरून ओळखायचो.

स्पीच थेरपिस्ट मॅडम म्हणाल्या, बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं शिल्लक राहतं. रोज तिच्या आवडीचं गाणं लावा, सोबत म्हणायला लावा.

मी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. घरच्या डेस्कटॉपवर व्हिज्युअलायझर टाकला. आवाज आला की स्क्रीनच्या तळापासून रंगीत पट्ट्या वर उसळतात, तो. त्याला माइक जोडला. आईच्या कानाला हेडफोन लावला, त्यात तिचं गाणं. म्हटलं, तू म्हण, तुझ्या आवाजाने पट्ट्या वर येतील.

तिने तोंड उघडलं. नुसती हवा आली.

पट्ट्या जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती खुर्चीत बसायलाच तयार होईना.

मग मी सेटिंग बदललं. पट्ट्या माइकऐवजी कॉम्प्युटरवर वाजणाऱ्या गाण्यावर हलतील असं केलं. माइक तसाच तिच्यासमोर ठेवला. दाखवायला.

माझी बायको संगीता म्हणाली, त्यांना कळलं तर? मी म्हटलं, आधी आवाज तर येऊ दे.

गाणं सुरू होताच आईने ओठ हलवले आणि अख्खी स्क्रीन हलली.

ती हसली. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मग रोज सकाळी चहा झाला की स्वतःच कॉम्प्युटरकडे बोट दाखवायची. दोन आठवडे. आणि खरंच काहीतरी येऊ लागलं. शब्द नव्हते, पण सूर होता. मी स्वयंपाकघरातून ऐकला.

एका सकाळी म्हणता म्हणता तिला ठसका लागला. ती थांबली.

पट्ट्या थांबल्या नाहीत.

आई बघत राहिली. मग डावा हात उचलून तिने माइक तळव्याने झाकला. पट्ट्या तशाच नाचत होत्या.

तिने माझ्याकडे पाहिलं. मी गाणं बंद केलं. बोलायला हवं होतं.

"न्हाई," ती म्हणाली. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

त्या न्हाईचा अर्थ चेहऱ्यावरून ओळखावा लागला नाही.

संध्याकाळी मी सेटिंग परत माइकवर केलं. तिच्यापुढे बसून सांगत राहिलो, आता खरंच तुझा आवाज घेतोय. एकदा म्हण. एकदाच.

तिने ओठ उघडले नाहीत. स्क्रीनवर पट्ट्या उठत होत्या त्या माझ्या बोलण्याने.

पुढचे चार महिने ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मॅडम घरी आल्या तरी वळली नाही. मग दुसरा झटका आला.

ती गेल्यावर मी मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "सूर येत होता ना? तो त्यांचाच होता. हे त्यांना कुणी सांगितलं का?"

नाही सांगितलं.

मला तेव्हा सुचलंच नाही.

आई, तुला माझं अभिवादन.