आबांची टिपणी

नरडाण्याजवळच्या एका गावात शेतकरी गटाचं मिरची-लागवडीच्या सल्ल्याचं पत्रक हेमलता सांभाळते. पत्रक कॉम्प्युटरवर, दर हंगामाला मजकूर बदलतो आणि सगळ्यांच्या फोनवर जातो. पण गावाला पत्रकातलं शहाणपण पुरत नाही. लोक वाचून घेतात, हरकत काढतात, आणि हेमलता ती हरकत बोलणाऱ्याच्या नावानिशी समासात लावते. सगळ्यात जास्त टिपण्या सुकलाल आबांच्या. आबांना अक्षरओळख नव्हती, मत मात्र प्रत्येक ओळीवर होतं!

आबा माघात गेले. पुढच्या हंगामाला हेमलताने पत्रकात चार ओळी वाढवल्या. मोठ्या पावसानंतर पाणी केव्हा द्यावं, या ओळीशेजारी आबांची टिपणी होती: ‘आपल्या काळ्या जमिनीत चार दिवस पाणी लावू नका.’ ती तिने पान आणि ओळ बघून चिकटवलेली. मजकूर खाली सरकला, टिपणी जागची हलली नाही. आता तिच्याशेजारी नव्या रोपांच्या पहिल्या पाण्याची ओळ आली.

भिकुबाईंचं मिरचीचं पहिलंच वर्ष. पत्रक म्हणतं लावल्याबरोबर पाणी द्या, आबा म्हणतात चार दिवस नको. त्यांनी आबांचं ऐकलं. अर्ध्या एकरातल्या रोपांनी माना टाकल्या. पारावर लोक म्हणाले, म्हाताऱ्याला शेवटी भ्रम झाला होता. आबांचा मुलगा नवल ते ऐकून उठला तो पुन्हा तिकडे फिरकला नाही.

जुनी प्रत बघून हेमलताला चूक कळली होती, तरी दोन दिवस तिने तोंड उघडलं नाही. मेलेला माणूस खुलासा द्यायला येत नाही, हे तिला क्षणभर बरं वाटलं, आणि त्याचीच फार लाज वाटली.

तिसऱ्या दिवशी ती भिकुबाईंच्या शेतावर गेली. ऐकून त्या बांधावर बसल्या. “आबा आसं सांगावच नही. माले तवयच समजाले पाहिजे व्हतं.” मग तडकल्या, “आते हाई पारवर सांग!”

तिने सांगितलं, सगळ्यांसमोर.

आता ती टिपणीसोबत मूळ वाक्यही उतरवून ठेवते. वाक्य बदललं की टिपणी बाजूला काढते आणि सांगणाऱ्याला विचारते, अजून तसंच म्हणायचं का? आबांना कुठे विचारणार? त्यांच्या काही टिपण्यांची मूळ वाक्यंच पत्रकातून गेली, पण त्या टिपण्या पुसायला तिचा हात धजत नाही.

पारावर सांगितल्याच्या आठवड्याने नवल गटाच्या खोलीत आला.

“बाबान्या आखो कितल्या टिपण्या शेतस?”

“अजून अकरा आहेत, भाऊ.”

त्याने खुर्ची ओढली, सगळ्या ऐकूनच उठायच्या बेतात. “बठ्ठ्या वाची दखाड.”